माघारीची शाल

विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर माणसे कशी जातात, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. काही पदसिद्ध, काही नामनिर्देशित, आणि काही अधिसभेने, म्हणजे सिनेटने, आपल्यातून निवडून द्यायची. मी नांदेडला वकिली करीत असे आणि पदवीधरांच्या मतांवर अधिसभेत गेलो होतो; ही कलमे मला पाठ होती. प्रत्यक्षात माणसे कशी जातात, हे मला एका बाईंच्या अर्जामुळे कळले.

बाई लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवीत आणि अधिसभेत प्राध्यापकांच्या प्रतिनिधी होत्या. भूकंपात त्यांचे माहेर जमीनदोस्त झाले होते. त्या गावच्या मुली पत्र्याच्या शेडमध्ये बसून बारावी झाल्या. पदवीसाठी लातूरला आल्या, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. शिकवणीवर्गांची भरभराट सुरू झाली होती. घरमालकांनी जिन्याखालीही खाटा टाकल्या होत्या, आणि भाडे परवडे ते मुलाला डॉक्टर करायला निघालेल्या बापांनाच. त्या मुलींपैकी एक रोज पहाटेच्या एसटीने येई. तिच्या वडिलांनी बाईंना बजावले होते, “वसतिगृह निघालं तर शिकवतो, न्हाई तर औंदा उजवून टाकतो.”

वसतिगृहाला निधी द्यायचा तर तो निर्णय परिषदेचा. म्हणून बाईंनी परिषदेच्या जागेसाठी अर्ज भरला. सूचक म्हणून सही माझी होती. समोर एकच उमेदवार होता: एका मोठ्या शिकवणीवर्गाचा मालक. एक महाविद्यालयही चालवीत असल्याने तो संस्थाचालकांतून अधिसभेत आला होता. लातुरातल्या त्या भाड्याच्या खाटांपैकी बऱ्याच त्याच्याच इमारतींत होत्या.

माघारीच्या दिवशी आम्हाला विश्रामगृहावर बोलावणे आले. बोलावणारे ज्येष्ठ संस्थाचालक; सारे त्यांना दादा म्हणत.

“बाई, आपल्याकडं बिनविरोधाची परंपरा हाय,” दादा म्हणाले. “मतदान लावून गालबोट कशाला?”

“ही परंपरा कोणत्या कलमात आहे?” मी विचारले.

“वकीलसाहेब, तुम्ही घासबी कलम बघूनच घेता काय?”

खोलीभर हशा पिकला. दादा पुन्हा बाईंकडे वळले. “वसतिगृहच पाहिजे न्हवं? दिलं. हे पहिल्याच बैठकीत विषय मांडतील. माझा शब्द हाय.”

दादांच्या शेजारी बसलेल्या शिकवणीवर्गाच्या मालकाने हात जोडले. “ताई, तुमच्या मुली त्या माझ्या मुली.”

मी बाईंना व्हरांड्यात नेले. “ठरावाशिवाय शब्दाला कवडीची किंमत नाही. अर्ज राहू द्या. हरलात तरी त्यांना मते मागावी लागतील.”

“सर, हरले तर तुमच्याकडं कायदा उरेल. माझ्याकडं काय उरेल?”

बाईंनी आत जाऊन माघारीच्या कागदावर सही केली. लगेच कपाटातून शाल आणि नारळ निघाला. शाल जांभळी, रुंद जरीची, आधीच आणून ठेवलेली. ‘मोठ्या मनाच्या बाई’ म्हणून टाळ्या वाजल्या. मी टाळी वाजवली नाही.

पुढे परिषदेच्या प्रत्येक बैठकीनंतर मी वसतिगृहाबद्दल कुलसचिवांना पत्र लिहिले. उत्तर ठरलेले: सदर विषय कोणत्याही सन्माननीय सदस्याने मांडलेला नाही. अखेर अधिसभेच्या बैठकीत बाई स्वतः उभ्या राहिल्या. उत्तर द्यायला मंचावरून उठला तो शिकवणीवर्गाचा मालक.

“ताईंच्या भावना समजतात. परंतु निधी हा परिषदेच्या अखत्यारीतला विषय आहे. या सभागृहाला तो अधिकार नाही.”

मी हरकतीसाठी उठलो आणि तसाच खाली बसलो. त्याचा मुद्दा कायद्याला धरून होता. आयुष्यभर ज्या कलमांसाठी मी भांडलो, ती त्याच्या तोंडी बिनचूक होती, आणि त्या संतापाचा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यावा हे मला आजही ठाऊक नाही.

त्या वैशाखात पहाटेच्या एसटीने येणाऱ्या त्या मुलीचे लग्न लागले. गावाच्या नव्या वसाहतीत, शाळेपुढच्या मैदानात मांडव होता. नवरीच्या अंगावर हळद, आणि पदवीचे दुसरे वर्ष अर्धवट. आहेराच्या वेळी बाईंनी पिशवीतून जांभळी शाल काढली आणि तिच्या वडिलांच्या खांद्यावर घातली. तीच रुंद जर.

“बाई, एवढी भारीची कशाला आणली?” ते संकोचून म्हणाले.

“आणली न्हाई,” बाई म्हणाल्या, “मिळाली होती.”