पायाने लावलेला मध्यम

एका वाद्यापायी मी गुरुनाथकाकांवर जितकी चिडले, तितकी लग्नाच्या तीस वर्षांत नवऱ्यावरही चिडले नसेन. आता ते वाद्य वाजायला लागलं आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमची घरं समोरासमोर आहेत. काका मूळचे मिरजेचे. आयुष्यभर पुलांची डिझाइन्स करून निवृत्त झाले. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. मी नागपूरची, औषधांच्या दुकानात नोकरी करते आणि तोंडाने फटकळ आहे. सव्वीस वर्षांपूर्वी या देशात नवी आले आणि ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झाले, तेव्हा याच काकांनी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दर रविवारी माझ्याकडून गाडी मागेपुढे करून घेतली होती. एकदाही आवाज चढवला नाही. आता डोळ्यांमुळे त्यांना हायवेवर गाडी चालवता येत नाही, म्हणून मी त्यांना नेते. यात उपकार कसले?

काका व्हायोलिन वाजवायचे, आणि सुहासिनीकाकू, त्यांच्या पत्नी, गायच्या. आमच्या महिन्याच्या भजनाला लोक यायचे ते या दोघांसाठी, खिचडीसाठी नव्हे. चार वर्षांपूर्वी काकांच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळायला लागलं. ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी झाली. बोटं अर्धी उघडली, पण तारेवर नीट पडेनात. व्हायोलिन पेटीत गेलं आणि डावा हात खिशात. खोटं नाही सांगत, पुढची दोन वर्षं तो हात मी खिशाबाहेर फारसा पाहिलाच नाही. ते भजनाला येईनासे झाले. काकूंनीही घरात गाणं सोडलं. ‘मी गायला लागले की ते उठून वर जातात गं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मागच्या वर्षी मी दोघांना बळेच काउंटी फेअरला, म्हणजे इथल्या जत्रेला, नेलं. तिथे मांडवात एक टोपीवाला म्हातारा टेबलासारख्या दिसणाऱ्या वाद्यासमोर बसला होता. आडव्या दहा तारा, खाली पेडल्स, गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या, आणि डाव्या हातात नुसती एक जाड पोलादी कांडी. पेडल स्टील गिटार. काका खिळल्यासारखे उभे राहिले.

‘रेखा, बघ. त्याची बोटं वाकतच नाहीयेत. कांडी फक्त धरलीय.’

‘काका, लेमोनेड घ्या, उन्हात उभे आहात.’

‘आणि ऐक. षड्ज जागेवर आहे. गंधार एकटाच सरकत मध्यमाला गेला. एवढी सुरेख मींड! पायाने काढली त्याने.’ शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा जरा पडला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून काकांना ध्यास लागला. आपण परत वाजवू शकू, ही आशा त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा दिसली होती, आणि ती मावळली तर ते पुन्हा कशाला हात घालणार नाहीत हे काकू आणि मी दोघी ओळखून होतो. नवं चांगलं वाद्य तीन हजार डॉलरच्या पुढे. काकूंनी हजाराची हद्द घालून दिली. मग काकांनी पुलाचं टेंडर असावं तसे कागद काढले. शिकणाऱ्याने कोणतं घ्यावं, किती पेडल्स हवीत, गुडघ्याच्या दांड्या किती. ‘तीन पेडल्स आणि चार दांड्या. त्याहून कमी घेतलं तर सहा महिन्यांत रडायची वेळ येते,’ असं मला दुकानात फोन करून सांगायचे. माझ्यापुढे औषधांची रांग!

इतका अभ्यास केलेल्या माणसाने जे घेतलं ते ऐका. तासाभराच्या अंतरावर एका गॅरेजमध्ये एक जुनं वाद्य साडेसहाशेला होतं. तीन पेडल्स, गुडघ्याची दांडी एकच. विकणाऱ्याच्या मामाचं होतं. त्या बिचाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी जोडे काढले, वाद्याला नमस्कार केला आणि खाली वाकून पेडल्स हाताने हलकेच दाबून पाहिली. एकदा हे, एकदा ते. तार छेडली नाही, खुर्चीवर बसले नाहीत. ‘छान आहे,’ म्हणाले आणि पैसे दिले. मी म्हटलं, ‘काका, कागदावर तर चार दांड्या होत्या ना?’ त्यावर ते म्हणाले, ‘हे फार दिवस एकटं पडलंय गं.’ वाद्य आहे की कुत्र्याचं पिल्लू?

तीन आठवड्यांनी मी साबुदाण्याच्या वड्यांचा डबा घेऊन गेले. बेसमेंटमध्ये काका वाद्यासमोर बसले होते, दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले, आणि हातांनी काहीतरी टुणटुण चाललं होतं. पेडल्सवर हळदकुंकू वाहिलेलं.

‘काका, पेडल्स का दाबत नाही?’

‘दाबेन.’

‘तीन आठवडे झाले!’

‘रेखा, वाद्याला पाय कसा लावू?’

माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे वाद्याला, पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो, मीही करते. पण जे पायानेच वाजतं त्याचं काय करणार? मी तरातरा पुढे गेले आणि मधल्या पेडलवर पाय ठेवला.

‘रेखा, चप्पल!’ काका ओरडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर आवाज चढवला. आणि त्याच क्षणी एक तार वर चढली ती चढलीच. मी पाय काढला तरी मूळ सुरावर येईना. आतला कसलासा तुकडा मोडलेला होता, बहुधा कित्येक वर्षांपासून. एकदा पायाने पूर्ण दाबून ऐकलं असतं तर गॅरेजमध्येच कळलं असतं.

काकांनी वाकून ती तार बोटाने चाचपली. ‘चूक माझीच. पायाने बघायचं ते मी हाताने बघितलं,’ म्हणाले, आणि डावा हात खिशात घातला. तो हात खिशात जाताना पाहून मला रडू आलं. रागाचं आणि दुसरंही.

काका गप्प झाले, पण काकू गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी फोन करकरून पेनसिल्व्हेनियात एक माणूस शोधून काढला. वेंडेल नावाचा, काकांच्याच वयाचा, अशी वाद्यं दुरुस्त करणारा. ऑक्टोबरच्या एका शनिवारी आम्ही तिघं ते मोडकं वाद्य आणि वाटेत खायला वड्यांचा डबा व्हॅनमध्ये घालून निघालो.

वेंडेलने दहा मिनिटं उलटंपालटं करून पाहिलं आणि मान हलवली. तो तुकडा आता कुठे मिळत नाही. पण बाकीचे भाग कामाचे आहेत, ते ठेवून घेतो आणि वर साडेतीनशे द्या, माझ्याकडचं हे नवशिक्यांसाठीचं वाद्य घेऊन जा, म्हणाला. तीन पेडल्स, चार दांड्या. काकूंची हद्द बरोबर पाळली गेली. ‘फक्त एक अट आहे. तुम्ही माझ्यासमोर वाजवायचं. न वाजवता मी कुणाला देत नाही.’

काकांनी जोडे काढले, नमस्कार केला, खुर्चीवर बसले. पाय पुन्हा खुर्चीखाली. वेंडेल वाट बघत उभा. मी दात आवळले. शेवटी काकांनी इंग्रजीत अडखळत सांगितलं की, आमच्यात वाद्याला पाय लावत नाहीत. मला वाटलं आता हा हसणार. तो हसला नाही. त्याने आपले बूट काढून भिंतीशी ठेवले आणि म्हणाला, ‘मीसुद्धा मोज्यांनीच वाजवतो. पण तुमचं कोडं मला नाही सोडवता येणार.’

ते काकूंनी सोडवलं.

‘अहो, मामंजी काय वाजवायचे?’

‘पायपेटी.’

‘कशाने?’

काकांची नजर खुर्चीखालच्या आपल्या पायांकडे गेली. त्यांचे वडील संगीत नाटकांना साथ करायचे. त्यांचा फोटो घरात दिवाणखान्यात लावलेला आहे, पेटीवर हात ठेवलेला, कमरेपर्यंतचा.

‘फोटोत पाय दिसत नाहीत म्हणून विसरलात?’ काकूंचा आवाज चिरकला. ‘चाळीस वर्षं त्या माणसाने पायांनी भाता हलवला. तुम्हीच सांगितलंत ना मला, की बसण्याआधी रोज पायपट्ट्यांना हात लावून कपाळाला लावायचे आणि मग पाय ठेवायचे? त्यांना चाललं आणि तुम्हाला चालत नाही?’

काका खाली वाकले. तिन्ही पेडल्सना उजवा हात लावला, कपाळाला लावला. मग डावा हात खिशातून काढला, त्यात कांडी धरली आणि मोजे घातलेला पाय मधल्या पेडलवर ठेवला. पण उंची कमी पडली, दाबण्याइतका पाय पोचेना!

वेंडेलने ‘थांबा’ म्हणून हत्यारं काढली. पुढचे दोन तास तो जमिनीवर पडून पेडल्सच्या सळया कापत होता, वाद्याचे पाय आखूड करत होता, काकांच्या गुडघ्याशी हात धरून दांड्या सरकवत होता. या कामाचे त्याने पैसे सांगितले नाहीत, आणि काकूंनी पुढे केले तर वड्यांचा डबा ठेवून घेतला. ओळख ना पाळख, तो माणूस आमच्या काकांच्या उंचीचं वाद्य करत होता. मला त्याचे आभार मानायचे होते, आणि मी, फटकळ रेखा, नुसती त्याला हत्यारं उचलून देत होते.

मग काकांनी तार छेडली आणि पेडल दाबलं. खालचा षड्ज जागेवर राहिला आणि गंधार सरकत वर मध्यमाकडे गेला. काकूंनी डोळे मिटले होते. त्यांनी तो स्वर गळ्यात उचलला, कुणी सांगायच्या आधीच, आणि आलाप सुरू केला. काका उठून कुठेही गेले नाहीत.

आलाप संपल्यावर काकू डोळे पुसत म्हणाल्या, ‘मध्यम थोडा उतरलाय हं.’

‘उतरू दे,’ काका म्हणाले. ‘लागला की नाही?’

परतताना आम्ही पेट्रोल भरायला थांबलो. बाहेर चांगलाच गारठा होता. मी आणि काकू खिशात हात घालून कुडकुडत होतो. काका व्हॅनच्या मागच्या काचेतून वाद्य नीट आहे का बघत होते, डावा हात काचेवर टेकवून.