दुखत नाही तोवरच्या कर्णिकबाई

कर्णिकबाई कुणाच्याही घरात आल्या की आधी स्वतःचं तोंड उघडायच्या. चुलीपाशी बसून आ करायच्या आणि हातातली बॅटरी घरातल्या म्हातारीला द्यायच्या. म्हणायच्या, "बघा आत. काय दिसतं ते सांगा."

बाई भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. शेलार गावापर्यंत एसटीने यायच्या, पुढे आमच्या गावाला चालत. ते आणीबाणीचे दिवस. सरकारी माणूस दिसला की नसबंदीच्या धाकाने गाव शेतात पळायचं. बाई ओरडून सांगायच्या, "मी फक्त तोंड बघते हो." पण तोंड दाखवायचं तरी कसं? आमच्या बायका हसायच्या त्याही पदराआड. आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी. तव्यावर तंबाखू भाजायची, हिरड्यांना घासायची. तोंडात काही झालं की औषध म्हणून आणखी मशेरी.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा पॉवरलूमवर माझी रातपाळी होती, म्हणून दिवसा मी घरात होतो. कुडाआड पडून सगळं ऐकत होतो.

आई म्हणाली, "आमच्यात कोनाला काय दुखत न्हाय. जा तू."

"दुखत नाही म्हणूनच आले, आजी. दुखायला लागल्यावर माझा काय उपयोग?"

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मग आ केला. आईने बॅटरी मारली.

"बाय, दाढा कुटं गेल्या तुझ्या?"

"मी गूळ खाल्ला, गुळाने दाढा खाल्ल्या."

आई खो खो हसली. मग तिला चेवच आला. सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारली, "ए हिरा, हिकडं ये. तुजा बगू."

सासूचा हुकूम, हिराने तोंड उघडलं. आई म्हणाली, "गालात ह्यो पांडरा चुना लागलाय का?" बोटाने घासलं, निघेना.

"चुना न्हाय, आत्या. कवाचा हाय. मी मशेरी लावते त्येला."

बाईंनी बॅटरी घेतली. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "हिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. याच आठवड्यात."

"आवनी चाललीय," आई म्हणाली. "भात लावायला हिचा हात कोन भरंल?"

"मी भरते."

मी आतून म्हणालो, "बाई, चिखलात तुम्हाला उभं राहता येणार नाही."

"पडले तर आजी उचलतील. तुम्ही हिला न्या."

आणि आल्या की खरंच. रजा टाकून, लुगड्यासारखा काष्टा घालून. त्यांनी लावलेलं भात इकडेतिकडे पळालेलं. आई मागून नीट करत जायची आणि बोलायची, "वळ हाय का सापाची वाट?"

"उगवेल ना, आजी? मग झालं."

मुंबईला डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, तर हिरा मला म्हणाली, "तुमी भाईर जा." परक्या माणसापुढे चाललं तिला, नवऱ्यापुढे नको. तुकडा काढून तपासला. कॅन्सरचा रोग झाला नव्हता, पण डाग त्या वाटेला लागला होता. पुढे तो डाग सगळाच कापून काढला. मशेरी सुटली.

मग हिरा बाईंबरोबर दापोड्यापर्यंत घरं हिंडायला लागली. गालातली खूण दाखवायची बायकांना. सगळ्याच ऐकायच्या नाहीत. शेजारच्या पारूने दारच उघडलं नाही कधी. दुखायला लागल्यावर आली, आणि त्यातच वारली. त्या दिवशी बाई आमच्या ओट्यावर नुसत्या बसून राहिल्या. चहाही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅटरी घेऊन हजर.

पुढे त्यांची बदली झाली. त्या वारल्याचं फार उशिरा कळलं.

हिरा या पौषात गेली. रोगाने नाही, वयाने. केस पांढरेफेक, पाठीला बाक, ऐकू कमी यायचं म्हणून माझ्यावरच ओरडायची. घर आता खायला उठतं. पण पोरगेलीशी होती तेव्हापासून सुरकुतलेली होईपर्यंत मी तिला बघितलं. माझी बायको माझ्यासमोर म्हातारी झाली. ते मला कर्णिकबाईंनी दिलं.