धुळ्याच्या स्विचकडे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जळगावला एका बियाण्यांच्या कंपनीत नेटवर्क सांभाळत होते. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, म्हणजे स्विच, एक जळगावला होता आणि दुसरा धुळ्याच्या शाखेत. माझ्या कॉम्प्युटरवरून तिथे थेट जाता येत नसे. आधी जळगावच्या स्विचमध्ये लॉगिन करायचं आणि तिथून धुळ्याच्या. पडद्यावर ‘धुळे’ उमटलं की जीव भांड्यात पडे.

त्या उन्हाळ्यात धुळ्याची लाईन रोज दुपारी तुटायची. एकदा वैतागून मी इथूनच तो स्विच बंद करून पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला. लाईन गेली, ती तर जाणारच होती. पण ती परत येईना. मी खुर्चीत बसे, उठे, पुन्हा लॉगिन करून बघे. शेवटी फोन लावला. तिथे आमचे म्हातारे कारकून होते, सगळे त्यांना नाना म्हणत.

“नाना, डब्यावरचे दिवे लागले का?”

“नही ताई. बठ्ठा बंद शेतस.”

सगळेच दिवे बंद म्हटल्यावर मी पर्स उचलली, स्टँड गाठला आणि धुळ्याची गाडी पकडली. पारोळ्याला गाडी चहासाठी थांबली. सगळे उतरले, मी मात्र कंडक्टरकडे बघत सीटवर बसून राहिले. काय बिघडलं असेल, मीच बिघडवलं का, साहेबांना काय सांगू, हेच डोक्यात फिरत होतं. वर्षभर ज्याच्याशी रोज बोलत होते, तो डबा मी अजून डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

नाना दारातच उभे होते. “इतली उन्हात कशी उनी तू?”

स्विच कपाटावर होता. त्याच्यावर भरतकाम केलेला जाडसर रुमाल अंथरलेला. हात लावला तर चटका बसला.

“धूय जास म्हनीसन मी रोज झाकी देस,” नाना म्हणाले. धूळ बसू नये म्हणून घातलेल्या त्या रुमालावरचं भरतकाम त्यांच्या बायकोचं होतं.

मला रागवता येईना. रुमालाची घडी करून त्यांच्या हातात दिली आणि टेबलफॅन डब्याकडे वळवला. नानांनी पाणी आणून दिलं, पण बस म्हटलं तरी मला बसवेना. बऱ्याच वेळाने डबा निवला. बटण दाबल्यावर एकेक दिवा हिरवा झाला.

मग धुळ्याच्या स्विचमधून मी उलट जळगावच्या स्विचमध्ये लॉगिन केलं. सगळं ठीक होतं. तरी जळगावच्या शिपायाला फोन लावला आणि विचारलं, “आपल्या डब्यावर काही ठेवलेलं नाही ना?”