नखांवरचा लाल

"पाचही नखं रंगवून बसलात, लग्नाला जायचंय का?"

"हसू नकोस. माझाच रंग कच्चा राहिला असणार."

खोपट भागातल्या आपल्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात काका बायकोशी बोलत होते. मी पायरीवरच थांबले. इलेक्ट्रिक गिटारचा टवका भरण्याआधी ते रंग आपल्या अंगठ्याच्या नखावर लावतात, गिटारशेजारी धरतात, मान हलवतात, पुसतात. जुळेपर्यंत बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात माझ्या लाल गिटारवर त्यांनी भरलेली जागा मला शोधूनही सापडली नव्हती. मग जिन्यात गिटार माझ्याच हातून आपटली, आणि ते झाकायला त्यांना मी चक्क इंग्रजीत, रुबाबात सांगितलं, रंग आपोआप निघाला.

आज त्यांच्या पाचही नखांवर वेगवेगळा लाल होता.

"ये गं. सॉरी हां, चूक झाली माझी."

"नाही काका. मीच पाडली."