वेगळ्या टाकीचं स्टेशन

"ताई, रिसायकलिंगवाल्यांचं पाणी वेगळं करा," समीर स्क्रीनवरून म्हणाला. "त्यांची टाकी वेगळी, राहायची जागाही वेगळी. मध्ये एक भिंत दाखवा."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"कशासाठी?"

"गेमला कॉन्फ्लिक्ट हवा ना. शिवाय रिअलिस्टिक वाटतं."

समीर पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशनाचा संपादक. टेबलावर खेळायचे गेम ते पुस्तकरूपात काढतात. यात कॉम्प्युटर नसतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते तोंडानं सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. मध्ये नकाशा पसरलेला असतो, आणि तो काढणं हे माझं काम. समीरचा गेम अंतराळातला. म्हणून मी भंडाऱ्यात बसून स्पेस स्टेशनं काढते. लोक हसतात. हसू देत.

मूळची मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत पाटबंधाऱ्याच्या एका ऑफिसात लागले. पुढे बरीच वर्षं तलाव आणि कालव्यांचे नकाशे काढले. त्यामुळे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कळल्याशिवाय माझ्याच्यानं भिंतीची रेघ ओढवत नाही.

हे स्टेशन म्हणजे एक मोठी रिंग होती. ती गोल फिरते, म्हणून आतल्या माणसांना वजन जाणवतं आणि बाहेरची भिंत ही त्यांची जमीन होते. चारशे माणसं, एक टाकी. आमच्या आसगावला तलावाचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातं. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा. आमची बांधी सगळ्यात शेवटी. वरच्यानं पाणी अडवलं की आमचं धान वाळायचं आणि बाबा बांधावर जाऊन भांडायचे. रिंगमध्ये मात्र शेवटची बांधी नसते. वापरलेलं पाणी साफ होऊन परत टाकीत येतं. जो शेवटी, तोच पहिला. हे सुचलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते. साफसफाईची ड्युटी मी सगळ्यांना आठवड्याच्या पाळीनं लावली, कॅप्टनलासुद्धा. फाइलचं नाव ठेवलं 'आसगाव रिंग'. आठ महिने खपले त्यावर. पुस्तकावर पहिल्यांदाच माझं नाव येणार होतं. ते बाबांना सांगूनही टाकलं होतं. बाबा रोज विचारत, आलं काय पुस्तक?

आणि हा म्हणत होता, भिंत घाला.

"समीर, पाळीचं काय झालं?"

"पाळी काढली. रिसायकलर जन्मानंच रिसायकलर असतात. कॅरेक्टर शीटवर तसा रकानाच केलाय. बदलता येत नाही. आणि प्लेयरला तो रोल घेता येत नाही, ते बॅकग्राउंडला राहतात."

"असं कोणी ठरवलं?"

"मी. गेम आहे हो ताई. एवढं मनाला लावून घेऊ नका."

माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. का होती, हे भंडाऱ्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्यातही लागू नये. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली. बाबा शिकले, मी शिकले, नोकरी केली. आणि पृथ्वी सोडून इतकं लांब गेल्यावर हा माणूस तिथे पुन्हा तीच विहीर खणत होता, वर मलाच तिचा नकाशा मागत होता. माझं डोकं तापलं.

मी त्याला सरळ सांगितलं. "यात तुला कॉन्फ्लिक्ट दिसतो, मला माझं घर दिसतं. असं करू नको."

तो म्हणाला, "आपण तर ते वाईटच आहे असं दाखवतोय ना? प्लीज, शुक्रवारपर्यंत द्या."

वाईट आहे हे दाखवायचं, पण ज्याला सोसावं लागतं त्याला टेबलावर बसू द्यायचं नाही. वा.

मी ड्रॉइंग दिलं. भिंत घातली, वेगळी टाकी घातली, भिंतीपलीकडे वीस रिसायकलर ठेवले. सोबत पाण्याची शीट जोडली, बाणांसकट. अलीकडच्या तीनशे ऐंशी माणसांचं घाण पाणी भिंतीपलीकडे जातं, तिथे साफ होतं आणि मेन व्हॉल्व्हमधून परत येतं. साफ करणारे पलीकडे राहतात म्हटल्यावर व्हॉल्व्हही पलीकडेच येणार. यात माझी काही चलाखी नव्हती. त्यानं भिंत जिथे मागितली तिथेच ती घातली होती.

ऑफिसात आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'चेक्ड' असा चौकोन असायचा. साहेबाची सही पडल्याशिवाय शीट पुढे जात नसे. ती सवय माझी सुटलेली नाही. समीरला फोन करून म्हटलं, "पाण्याची शीट नीट बघ, मग सही कर." दहा मिनिटांत सही आली. दहा मिनिटांत कोणी बाण बघत नाही.

प्लेटेस्ट माझ्या घरी झाली, रविवारी दुपारी. प्लेटेस्ट म्हणजे छापण्याआधी गेम खेळून बघणं. गोष्ट समीर पुण्याहून व्हिडिओवर चालवणार होता. इथे मी, माझी मैत्रीण वंदना आणि तिचा नवरा प्रभाकर. वंदना आंधळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, प्रभाकरभाऊ लाइनमन आहेत. मी काहीच सांगितलं नव्हतं त्यांना.

वंदनानं पात्रांच्या शीटवरचा रिसायकलरचा रकाना वाचला आणि तिचा चेहरा बदलला.

"मी रिसायकलर बनतो," ती म्हणाली.

"तो रोल घेता येत नाही, मॅडम," समीर म्हणाला.

"काहून?"

"रूल आहे तसा."

"रूल कोणं केला? मले तोच पायजे. नाही तं मी चालली चहा ठेवाले."

समीरनं नाइलाजानं हो म्हटलं. प्रभाकरभाऊ तोवर नकाशावर वाकले होते. बाणांवरून बोट फिरवत फिरवत ते भिंतीपलीकडे पोचले आणि थांबले.

"अवो, मेन तं यायच्याकडंच हाय," ते म्हणाले. "लाइन बंद कराले खांबावर चढाची बी गरज नाही."

"मी व्हॉल्व्ह बंद करतो," वंदना म्हणाली. "भिंत पाडा, मंग पाणी सोडतो."

"गार्ड येतील!"

"येऊ द्या. तहान त्यायले बी लागन."

समीरनं फासे टाकून पाहिले, रूल शोधून पाहिले. काही सापडेना. वीस मिनिटांत अख्खं स्टेशन कोरडं. तीन तासांचा गेम चहा व्हायच्या आत संपला. वंदना टाळ्या वाजवत होती. मला हसू आलं नाही. आता तरी ह्याला कळेल, एवढंच मनात होतं.

संध्याकाळी समीरचा फोन. चिडलेला.

"ताई, तुमच्या डिझाइनमध्ये होल आहे."

"होल नाही. तू मागितलेली भिंत आहे."

"ठीक आहे, मी सोल्यूशन काढलंय. व्हॉल्व्हवर चोवीस तास आर्म्ड गार्ड. तुम्ही फक्त दोन खोल्या वाढवा."

मला वाटलं होतं, भिंत काढेल. त्यानं बंदूक आणली. इतका राग मला नोकरीत कधी आला नव्हता, आणि नोकरीत राग येण्यासारखं कमी नव्हतं.

"खोल्या तूच काढ," मी म्हटलं. "आणि पुस्तकावरून माझं नाव काढ."

"अहो, आठ महिने काम केलंय तुम्ही!"

"म्हणूनच."

पुस्तक आलं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद. नकाशावर सगळी अक्षरं माझ्या हातची, फक्त दोन खोल्या कुणीतरी वेडीवाकडी चिकटवलेली. वंदनानं पान उघडून त्या खोल्यांवर बोट ठेवलं. "हा गार्ड कोणत्या टाकीचं पाणी पिते, विचार बरं त्याले."

मी खरंच विचारलं. समीरचं उत्तर आलं, 'एवढ्या डिटेलमध्ये नको जाऊया ताई.'

एवढ्या डिटेलमध्ये जाण्याचेच मला आयुष्यभर पैसे मिळाले. माझ्यासारखं काम करणाऱ्यांना सांगते, साहेबानं भिंत मागितली की आधी पाण्याची शीट काढा. ती कोणी वाचत नाही. तरी काढा.

बाबांना दिसतं कमी. चष्मा लावून त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत चाळलं.

"तुयं नाव काहून नाही?"

मी भिंतीचं सांगितलं, टाकीचं सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे परत दिलं.

"बरं केलं," ते म्हणाले. "वेगळ्या टाकीवर आपलं नाव कायले पायजे?"