बाबांची मोहरी फेसलेली कोशिंबीर

आई गेल्यावर बाबा कोकणातलं घर बंद करून माझ्याकडे वसईत राहायला आले. त्याच वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी जेवणात कच्च्या भाज्या वाढवायला सांगितलं. बाबांनी ते फारच मनावर घेतलं. आयुष्यभर स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेला हा माणूस थंडी सुरू झाली की कोशिंबिरी करू लागला. गाजर, मुळा, वाफवलेला मटार, ओल्या हळदीचे पातळ काप. बीट अगदी शेवटी, नाहीतर सगळंच लाल होतं. तेलाची फोडणी नाही. आई करायची तशी फेसलेली मोहरी. पाण्याचा हबका मारत खलबत्त्यात ती इतकी घोटायचे की नाकात झिणझिण्या यायच्या.

भाजी ते एकाच बाईंकडून घ्यायचे. भुईगावच्या या मावशी बाबांच्याच वयाच्या, स्वतःच्या वाडीतला माल घेऊन आमच्या नाक्यावर बसायच्या. बाबांनी एकदा त्यांना डब्यातून कोशिंबीर नेऊन दिली. त्यांना ती इतकी आवडली की मग दर आठवड्याला डबा जाऊ लागला, आणि त्या डिसेंबरात त्यांनी आम्हा दोघांना नाताळच्या जेवणाला बोलावलं.

त्या दिवशी मी उठले, तर बाबा केव्हापासून चिरत बसलेले. मोठं पातेलं काठोकाठ भरलं होतं.

"हे कुणासाठी?"

"मावशींकडे न्यायला. पंधरा-वीस माणसं तरी असतील ना."

मी वैतागले. "बाबा, तिथे कोंबडी, मासे, मैद्याचे तळलेले फुगे असं साग्रसंगीत जेवण. त्यात तुमचा मुळा कोण खाणार? आणि पातेलं घेऊन लोकांच्या दारात जायचं? मी केक घेतलाय, तेवढं पुरे."

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं, फ्रिजमध्ये जागा करून ते आत सरकवलं आणि शर्ट बदलायला गेले. हळदीने पिवळी झालेली त्यांची बोटं रिक्षात मला दिसत होती. मी बाहेर बघत राहिले.

भुईगावला अंगणात टेबलं मांडली होती. मावशींनी हाताला धरून बाबांना बसवलं आणि आजूबाजूला पाहिलं.

"भाऊ, डबा कुठंय?"

"कसला डबा?" मीच विचारलं.

"अगं, कोशिंबिरीचा. मीच सांगितलं होतं त्यांना. घरात आम्ही तिघं शुगरवाले. सुनेला म्हटलं, तू काही चिरत बसू नकोस, भाऊ आणतायत."

मला वाटलं, बाबा आता माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"या खेपेला जमलं नाही हो. मुळा जून निघाला."

मुळा आदल्या दिवशी मावशींनीच दिला होता. त्यांचा चेहरा उतरला. "माझा मुळा जून निघाला?"

"निघतो एखादा," बाबा पुटपुटले.

तेव्हा मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं: मावशी, मीच आणू दिली नाही. पण समोर त्यांची मुलं, सुना, पाहुणे बसले होते. मी सरबताचा ग्लास तोंडाला लावला. सून लगबगीने आत जाऊन चार काकड्या चिरून घेऊन आली.

घरी आल्यावर बाबांनी आपल्यापुरती वाटीभर कोशिंबीर काढून खाल्ली. आम्ही दोघांनी दोन दिवस खाऊनही ती संपेना. तिला पाणी सुटलं, आणि उरलेली मी ते फिरायला गेलेले असताना टाकून दिली.

पुढच्या आठवड्यापासून मावशी मुळा देताना आधी तो मोडून दाखवू लागल्या. "बघा भाऊ, कोवळा आहे ना?" बाबा मान खाली घालून म्हणायचे, "कोवळाच आहे हो." एकदा मी सोबत होते. मीही मान डोलावली.

संक्रांतीला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या. मी म्हटलं, "बाबा, तुमची कोशिंबीर करा ना."

"तू कर," ते म्हणाले. "लोकांना काय आवडतं ते तुला कळतं." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना ते खरंच पटलं होतं.

त्यानंतर त्यांनी कुणासाठी कोशिंबीर केली नाही. स्वतःपुरतं एखादं गाजर किसून घेतात. माझं चुकलं, असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही.