फटू मिस्त्रींची टू-स्ट्रोक किती किलोची?

"नव्वद किलो! काट्यानंच सांगितलं, आता बोला," कामत म्हणाले. काट्याच्या केबिनबाहेर पन्नासेक माणसं जमली होती आणि मला चहासुद्धा मिळाला नव्हता.

मी तेव्हा डिचोलीला वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. गोवा घटकराज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील. त्या रविवारी पाळीच्या एका खाणीवर वे-ब्रिजच्या वार्षिक तपासणीला गेले होते. वे-ब्रिज म्हणजे खनिजानं भरलेला अख्खा ट्रक तोलायचा काटा. शेजारच्याच लाल मातीच्या मैदानात मोटोक्रॉसच्या शर्यती होत्या आणि भांडण तिथून माझ्या काट्यावर आलं होतं.

भांडण असं. नियमाप्रमाणे टाकी रिकामी करून गाडी किमान एकशे दोन किलो भरायला हवी. सर्वणचे फटू मिस्त्री आपली जुनी टू-स्ट्रोक घेऊन उतरणार होते. टू-स्ट्रोकच्या इंजिनात भाग कमी, म्हणून ती हलकी. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, म्हणून धूर. पण आता नव्या फोर-स्ट्रोक आल्या होत्या आणि पुढच्या वर्षापासून टू-स्ट्रोक शर्यतीत घेणारच नव्हते. सेहेचाळीस वर्षांच्या फटूंची ही शेवटची शर्यत. फोर-स्ट्रोकवाल्या टीमचे मॅनेजर कामत यांनी मात्र कॅटलॉग काढला. त्यात फटूंच्या मॉडेलचं वजन छापलं होतं सत्याण्णव किलो. तक्रार झाली आणि गाडी ढकलत वे-ब्रिजवर आणली.

"बाय, तुमीच बघा," फटू मला म्हणाले. "गाडी हलकी म्हणून तुमी सांगलंत तर मी ती घेऊन घरा जातंय." आवाज शांत होता, पण हातातलं हेल्मेट ते सारखं फिरवत होते.

"परत ठेवा गाडी," मी म्हटलं.

या वेळी आकडा आला एकशे दहा.

"बघितलंत?" फटूंच्या बाजूची माणसं ओरडली.

मी जीपमधून शिक्क्याची वीस-वीस किलोची पाच वजनं उतरवून घेतली. म्हणजे बरोबर शंभर किलो. ती काट्यावर ठेवली. आकडा आला नव्वद.

"म्हणजे काटा खोटा?" कामतांनी विचारलं.

"खोटा नाही. हा टनांचा काटा आहे, दहा-दहा किलोंनी उडी मारतो. चारशे किलोंच्या खालचं याला विचारायचंच नसतं."

खाणीच्या स्टोअरमध्ये ग्रीसचे डबे आणि नटबोल्ट तोलायचा प्लॅटफॉर्म काटा होता. तो आणवला, सपाट जागी ठेवला आणि आधी माझी पाच वजनं चढवली. शंभरला शंभर.

"आता दोन्ही गाड्या तोलू," मी म्हटलं.

"आमची कशाला?" कामत म्हणाले.

"काटा आणलाच आहे तर."

टाक्या रिकाम्या केल्या. कामतांनी हट्टानं फटूंच्या गाडीचा चिखल धुऊन घेतला. मग लाकडी खोका काट्यावर ठेवून त्याचं वजन वजा केलं आणि गाडी त्या खोक्यावर चढवली. "हात काढा सगळ्यांनी." फटूंनी हात काढले आणि डोळे मिटले.

एकशे सहा किलो.

जो गलका झाला, तो मैदानाच्या पलीकडे नक्की गेला असणार. कामतांनी पुन्हा कॅटलॉग उघडला. "नऊ किलो वाढले कुठून?"

"पार्ट खंय मिळतत आता?" फटू म्हणाले. "फुटरेस्ट मोडले, ते टिपर ट्रकाच्या स्प्रिंगाच्या पाट्याचे केलंय. सायलेन्सर लोखंडी पायपाचो. हँडलय घरचाच." गाडी जुनी होत गेली, तशी जड होत गेली होती.

मग कामतांची फोर-स्ट्रोक चढली. त्यांच्या कॅटलॉगात एकशे आठ, काट्यावर एकशे सतरा. इंजिनातलं ऑइल आणि कूलंट धरलेलंच नव्हतं म्हणे. कामत स्वतःच हसायला लागले. "मॅडम, हे जरा हळू वाचा."

शर्यतीला मी थांबले. तपासणी अर्धी राहिली होती, पण काट्याचा ऑपरेटरच कुंपणावर चढून बसला होता. फटू धुराचा पडदा सोडत पाच फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होते. शेवटच्या चढावर कामतांच्या पोरसवदा रायडरनं त्यांना गाठलं आणि फटू दुसरे आले. लोकांनी खांद्यावर मात्र त्यांनाच घेतलं. ते वरून दोन्ही हात हलवत होते, तोंडभर लाल माती आणि त्यातून दिसणारे पांढरे दात. खाली उतरल्यावर कामतांनी त्यांचा हात हातात घेतला. "मिस्त्री, ते पाट्याचे फुटरेस्ट आम्हालाही करून द्या. आमचे दर शर्यतीला वाकतात."

"दितंय. पण वजन वाढतला हां!"

सोमवारी साहेबांनी माझा रिपोर्ट वाचला. "मोटारसायकली आपल्या कक्षेत येतात?"

"नाही सर. भांडण वजनाचं होतं."

त्यांनी सही केली. पुढची बरीच वर्षं नोकरीत एवढं मात्र पाळलं: कुणी वजनाचा आकडा सांगितला की आधी विचारायचं, कुठल्या काट्यावर? आणि उत्तर 'कॅटलॉगमध्ये छापलंय' असं आलं, तर वजनं जीपमधून उतरवायला सांगायची.